काटा १२० वर थांबतो



चिखलदऱ्यातल्या या व्याख्यानमालेसाठी मी विषय कळवला, आणि दुसऱ्याच दिवशी कार्यवाहांचा फोन आला. आधी थंडीची चौकशी झाली, मग रस्त्याची झाली. मग जरा चाचरत ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, विषय चांगलाच हाय. पण लोक काय म्हणतीन? इथं मेळघाटात लेकरं वाळून रायली, अन् आपण वजन कमी करायच्या ऑपरेशनवर भाषण ठेवून रायलो."

शंका रास्त होती. तरी मी म्हटलं, हाच विषय राहू द्या. या जिल्ह्यात मी दोन काटे वापरले आहेत. आज त्या दोन्ही काट्यांबद्दल बोलायचं आहे.

पहिला काटा झोळीचा. १९९३ साली मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्या मुंबईपर्यंत पोचल्या. त्यानंतरच्या वर्षांत मी तरुण डॉक्टर म्हणून इकडच्या पाड्यांवर फिरत होतो. झाडाच्या फांदीला गोल तबकडीचा काटा टांगायचा, खाली कापडी झोळी, झोळीत लेकरू. लेकरू हातपाय झाडतं, सुई थरथरते, आणि ते थकून शांत झालं की आकडा वाचायचा. तबकडी पंचवीस किलोपर्यंत होती, पण वर्षाच्या पोराला सुई पाच-साडेपाचच्या पुढे सरकली की आम्ही खूश. तबकडीचा बाकीचा भाग कोरा करकरीत राहिला.

दुसरा काटा अमरावतीच्या माझ्या दवाखान्यातला. उभं राहायचा, सुईचा, लोखंडी. त्याची तबकडी १२० वर संपायची आणि तिथं एक छोटी खुंटी होती. एक दिवस दर्यापूरकडची एक बाई आली. वय एकेचाळीस, गुडघे गेलेले, साखर वाढलेली, रात्री झोपेत श्वास अडकून दचकून उठायची. काट्यावर उभी राहिली, सुई गरकन फिरली आणि खुंटीला जाऊन टेकली. मी म्हटलं, "असू द्या, उतरा." आणि कागदावर लिहिलं, १२०+.

पुढची दोन वर्षं मी तिच्या कागदावर १२०+ च लिहीत राहिलो. औषधाचा डोस त्या अधिकच्या चिन्हावर, सल्लाही त्याच चिन्हावर. "वजन कमी करा" असं मी तिला सांगत होतो, आणि तिचं वजन किती आहे हे मला माहीत नव्हतं. एकदा ती आली ती हातात चौघडी घातलेला कागद घेऊन. कापसाच्या सिझनमध्ये, संध्याकाळी गाड्या निघून गेल्यावर, नवऱ्यानं तिला कापूस मोजायच्या काट्यावर उभं केलं होतं. काट्यावरच्या माणसानं सवयीनं पावती फाडली. कार्बनच्या निळ्या अक्षरात वजन १३१ किलो ४०० ग्रॅम. मालाच्या रकान्यात त्यानं काही लिहिलं नव्हतं, नुसती आडवी रेघ ओढली होती. ती पावती माझ्या टेबलावर ठेवून बाई म्हणाली, "घ्या डॉक्टर, आता तरी लिवा."

दोनशे किलोचा काटा काही हजारांत मिळतो. तो मी त्याच आठवड्यात आणला. आधी का आणला नव्हता, याचं उत्तर माझ्याकडे नाही. माझ्या मनातही कुठंतरी हे बसलेलं असावं की इतकं वजन म्हणजे आजार नव्हे, आगाऊपणा. आजाराला आपण मोजतो, आगाऊपणाला रागावतो.

आता विषयाकडे येतो. "वजनाचं ऑपरेशन म्हणजे सोपा मार्ग" हे वाक्य मी दोन प्रकारच्या तोंडांतून ऐकलं आहे. एक हिणवणारं तोंड. त्याचं म्हणणं, आम्ही चालतो, उपास धरतो, भाताला हात लावत नाही, आणि हा गेला आणि पैसे टाकून पोट कापून आला. दुसरं विकणारं तोंड. शहरात शिरताना फलक दिसतात: डावीकडे दुःखी जाडा माणूस, उजवीकडे तोच हसरा आणि बारीक, खाली "चार टाके, दोन दिवसांत घरी". एकाला तो मार्ग सोपा म्हणून पाप वाटतो, दुसऱ्याला सोपा म्हणून खपवायचा असतो. दोघांचंही लक्ष ऑपरेशनच्या तासा-दीड तासावर. त्यानंतरची तीस वर्षं दोघांनाही दिसत नाहीत.

आपल्या विदर्भात या ऑपरेशनचं नाव घराघरांत पोचलं ते नितीन गडकरींमुळे. २०११ साली त्यांनी मुंबईत ते करून घेतलं आणि लपवून ठेवलं नाही, याला मी महत्त्व देतो. माझ्याकडे आजही लोक "गडकरींचं झालं ते" असंच म्हणतात. जिभेचा शौकीन म्हणून नाव असलेला माणूस हे उघड बोलू शकतो म्हटल्यावर परतवाड्याच्या दुकानदारालाही डॉक्टरांना विचारायची हिंमत होते.

पण माझ्या त्या बाईचं ऑपरेशन ठरत होतं ते वर्ष २०१७. ज्यांना आठवत असेल त्यांना आठवेल. फेब्रुवारीत इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाहून इमान अहमद नावाच्या स्त्रीला मालवाहू विमानानं मुंबईला आणलं. वय छत्तीस, वजन सुमारे पाचशे किलो असल्याचं सांगितलं गेलं. वर्षानुवर्षं ती अंथरुणातून उठली नव्हती. क्रेननं तिला उतरवलं. मार्चमध्ये सैफी रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. टीव्हीवर रोज आकडा यायचा, आज इतके किलो उतरले, आज इतके, क्रिकेटच्या धावफलकासारखा. एप्रिलमध्ये तिची बहीण आणि रुग्णालय यांच्यात जाहीर वाद झाला. मे महिन्यात तिला अबूधाबीला हलवलं, आणि २५ सप्टेंबरला ती गेली.

त्याच फेब्रुवारीत मुंबई महापालिकेच्या मतदानाच्या दिवशी एका लठ्ठ पोलीस निरीक्षकाचा फोटो समाजमाध्यमांवर टाकून कुणीतरी कोटी केली. निरीक्षक होता शेजारच्या मध्य प्रदेशातला, मुंबईचा नव्हताच. देशभर हसून झाल्यावर कळलं, की हा माणूस जुन्या दुखण्यानं वाढलेला आहे. पुढे त्याचंही ऑपरेशन झालं.

हे सगळं दर्यापूरकडच्या त्या घरातही टीव्हीवर चाललं होतं. सासूनं स्पष्ट सांगितलं, "मरायचं असन तं घरीच मर वं, मुंबईले कायले जातं?" ऑपरेशन बारगळलं. सगळं शांत झाल्यावर, दिवाळीनंतर, बाई एकटी एसटीनं माझ्याकडे आली आणि म्हणाली, "करायचंच." जानेवारी २०१८ मध्ये तिचं ऑपरेशन झालं. ती मुंबईला गेली नाही, आपल्याच भागातल्या एका शहरात झालं.

इथं चिखलदऱ्यात उभं राहून भीमाचं नाव न घेता पुढं जाणं बरं दिसणार नाही. कीचकाला मारून भीमानं याच दरीत फेकलं आणि भीमकुंडात हात धुतले, हे आपण पोरपणापासून ऐकतो. त्या वेळी भीम विराटाच्या घरी बल्लव नावानं स्वयंपाकी होता. महाभारतकारांनी त्याला दिलेलं दुसरं नाव वृकोदर, लांडग्याच्या पोटाचा. एकचक्रा नगरीत पांडव भिक्षा मागून राहत तेव्हा आणलेल्या अन्नाचा निम्मा वाटा एकट्या भीमाचा, आणि उरलेल्या निम्म्यात कुंती आणि चार भाऊ. कुंतीनं कधी त्याला "तोंडाला आवर घाल" म्हटल्याचं मला आठवत नाही. भूक प्रत्येकाची वेगळी असते, जन्मानं येते, हे त्या माउलीला ठाऊक होतं. आपल्याला ते कळायला प्रयोगशाळा लागल्या.

१९४४ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी छत्तीस निरोगी तरुण निवडले. युद्धानं उपाशी पडलेल्या युरोपला पुन्हा कसं जेऊ घालायचं, हे शिकायचं होतं. सहा महिने त्यांना अर्धपोटी ठेवलं आणि वजन चौथाईनं उतरवलं. पोरं स्वयंपाकाची पुस्तकं वाचायला लागली, स्वप्नात जेवायला लागली, चिडखोर झाली, ताटं चाटायला लागली. आणि बंधन उठल्यावर पोट तडस लागेपर्यंत खाऊनही त्यांचं समाधान होईना. ही माणसं मुळात लठ्ठ नव्हती, खादाडही नव्हती. शरीर वजन राखून ठेवतं. कमी झालं की ते परत मिळवण्यासाठी जीव टाकतं.

१९९९ साली जपानमध्ये कोजिमा आणि कांगावा यांना घ्रेलिन नावाचं संप्रेरक सापडलं. ते मुख्यतः जठरातून, त्यातही वरच्या फुगीर भागातून निघतं आणि मेंदूला सांगतं, जेवायला बसा. २००२ साली एक अभ्यास छापून आला. पथ्य करून ज्यांनी वजन उतरवलं होतं, त्यांच्या रक्तात हे घ्रेलिन वाढलेलं होतं. म्हणजे पथ्य जितकं चांगलं पाळावं, तितकी भूक जोरात हाका मारते. ज्यांचं बायपासचं ऑपरेशन झालं होतं, त्यांच्यात मात्र ते घटलेलं सापडलं. पुढे अमेरिकेत दूरचित्रवाणीवरच्या वजन उतरवण्याच्या स्पर्धेतल्या चौदा जणांना शास्त्रज्ञांनी सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. बहुतेकांचं वजन परतलं होतं आणि त्यांचं शरीर दिवसाला सुमारे पाचशे कॅलरी कमी जाळत होतं. शरीर काटकसर शिकलं ते शिकलंच.

तेव्हा "इच्छाशक्ती नाही" असं म्हणणाऱ्यानं आधी हे सांगावं की त्याची भूक त्याला किती जोरानं हाका मारते. माझी स्वतःची भूक गरीब गायीसारखी आहे. मी सडपातळ आहे, यात माझं कर्तृत्व शून्य.

ऑपरेशन म्हणजे नक्की काय करतात? दोन प्रकार मुख्य. स्लीव्ह म्हणजे जठराचा सुमारे तीनचतुर्थांश किंवा त्याहून थोडा जास्त भाग, घ्रेलिनच्या मुख्य कोठारासकट, कायमचा काढून टाकायचा. मागे उरते केळ्यासारखी नळी. काढलेला भाग परत बसवता येत नाही. दुसरा प्रकार बायपास. याची सुरुवात एडवर्ड मेसन यांनी अमेरिकेत आयोवा इथं साठच्या दशकात केली. जठराचं वरचं टोक लिंबाएवढं बाजूला काढायचं आणि आतडं पुढून आणून त्याला जोडायचं. दोन्ही दुर्बिणीतून होतात, पोटावर पाच-सहा बारीक छिद्रं. अनुभवी हातांत मृत्यूचा धोका हजारात एक ते तीन, म्हणजे पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या आसपास. टाके गळण्याचा धोका शंभरात एखाद्याला. मला भीती यातल्या कशाची नसते. मला भीती असते ऑपरेशनच्या आधीच्या पंधरा दिवसांची आणि नंतरच्या जन्माची.

आधीचे पंधरा दिवस म्हणजे यकृत लहान करण्याचं पथ्य. फुगलेलं यकृत जठरावर आडवं पडलेलं असतं, ते आक्रसावं म्हणून. त्या काळात आणि पुढेही तंबाखू बंद. आपल्याकडे ही अट सगळ्यात अवघड. एका माणसानं भात सोडला, साखर सोडली, लग्नातली पुरणपोळी सोडली. खर्रा सोडायची वेळ आली तेव्हा त्यानं ऑपरेशन सोडलं.

नंतरचं मी माझ्या त्या बाईच्या घरी पाहिलं. पाचव्या दिवशी गेलो तर ती बाजेवर बसून औषधाच्या बाटलीवरच्या झाकणानं पाणी पीत होती. तीस मिलिलिटर, एका घोटात नाही, दहा मिनिटांत. मोबाइलमध्ये गजर लावलेला. गजर वाजला की झाकण भरायचं. तहान लागली म्हणून तांब्या तोंडाला लावायचा, ही जन्माची सवय तिला बंद करायची होती. दोन आठवडे नुसतं पातळ, मग दोन आठवडे वाटलेलं, मग मऊ, दीड-दोन महिन्यांनी साधं जेवण. तेही चार-पाच चमचे, घास पंचवीस-तीस वेळा चावून. जेवताना पाणी नाही. आधी अर्धा तास नाही, नंतर अर्धा तास नाही. प्रथिनं रोज साठ ग्रॅम तरी हवीत. घर माळकरी. वाटीभर घट्ट वरणात सहा-सात ग्रॅम, आणि पोटात जाते अर्धी वाटी. हिशेब जुळेना. शेवटी पावडर, दही, पनीर, मोड आलेली मटकी यांचा खेळ करून तिनं तो जुळवला. ती चौथी शिकलेली आहे. प्रथिनांचा हिशेब तिला माझ्यापेक्षा चांगला येतो.

तिसऱ्या महिन्यात केस गळायला लागले. ते परत येतात, पण बाईमाणसाला हातात केस आले की तुम्ही काहीही सांगा. कातडी सैल पडली. आणि मग आलं लग्न. वऱ्हाडातल्या लग्नाची पंगत तुम्हाला मी सांगायला नको. वांग्याची भाजी, रोडगे, जिलबी, आणि आग्रह करणाऱ्यांची फौज. तिनं दोन चमचे भाजी घेतली आणि हात आखडला. "काऊन वं? आमच्या घरचं नाई आवडलं?" इथपासून "डाग झाला काय वं पोटात?" इथपर्यंत सगळं झालं. ताटात टाकलेलं अन्न म्हणजे अपमान, ही आपली संस्कृती. पोट लहान झालं, पण पंगत तेवढीच राहिली.

तिथंच एका नात्यातल्या बाईनं तो शब्द वापरला. "तुमचं बरं झालं, सोपा मार्ग भेटला. आम्ही आपलं रोज दोन कोस चालतो." माझ्या पेशंटनं ताटातलं शेवटचं चमचाभर वरण चावून चावून संपवलं आणि म्हणाली, "इतकं सोपं होतं तं तुमी काऊन नाई केलं?"

ऑपरेशनचा उपयोग किती, हेही सरळ सांगितलं पाहिजे. स्वीडनमध्ये १९८७ पासून एक मोठा अभ्यास चालला. सुमारे दोन हजार लठ्ठ माणसांनी ऑपरेशन केलं, तेवढ्याच तशाच माणसांनी नेहमीचे उपचार घेतले. ऑपरेशनवाल्यांचं वजन दोन वर्षांनी सरासरी २३ टक्के उतरलं, आणि वीस वर्षांनीही १८ टक्के उतरलेलं होतं. दुसऱ्या गटाचं जिथल्या तिथं. ऑपरेशनवाल्या गटात मृत्यूही कमी झाले. मधुमेहाचं मात्र नीट ऐका: दोन वर्षांनी ७२ टक्के लोकांची साखर औषधाविना ताळ्यावर होती, दहा वर्षांनी ३६ टक्क्यांची. निम्म्यांची परत आली. फलकावर पहिला आकडा असतो, दुसरा नसतो. तरी मी म्हणेन, दहा वर्षं मूत्रपिंडाला आणि डोळ्यांना विसावा मिळाला, ही काही थोडी मिळकत नव्हे.

आता माझ्या चुकीबद्दल. ती इथंच सांगायला हवी, कारण तो माणूस याच चिखलदऱ्याच्या घाटापलीकडचा.

तो मेळघाटातल्या एका आश्रमशाळेत शिक्षक होता. १३८ किलो. मीच त्याला ऑपरेशनला पाठवलं, एका मोठ्या शहरातल्या रुग्णालयात. सगळं उत्तम झालं. वर्षभरात चौऱ्याऐंशीवर आला. शाळेत त्याचा सत्कार झाला, त्यानं पोरांबरोबर कबड्डी खेळली. मी त्याचा फोटो दवाखान्यात लावला. आणि विसरलो.

अठरा महिन्यांनी तो आला तो बायकोच्या खांद्यावर हात ठेवून. पायांना मुंग्या, आणि एक विचित्र तक्रार: "दिवसा ठीक हाय, डॉक्टर. पण अंधारात चाललो का पाय सापडत नाई." हे वाक्य ऐकून माझ्या पोटात गोळा आला, कारण त्याचं भाषांतर पाठ्यपुस्तकात आहे. ब जीवनसत्त्वांपैकी बी-१२ शरीरात शोषून घ्यायला जठरातला एक घटक लागतो. जठरच कापलं, तर हे जीवनसत्त्व गोळी किंवा सुईनं जन्मभर द्यावं लागतं. ते नसलं की पाठीच्या कण्यातल्या, पाय कुठं आहेत हे मेंदूला सांगणाऱ्या तारा झिजतात. उजेडात डोळे भरपाई करतात. अंधारात कोण करणार?

त्याच्या गोळ्या सात महिन्यांपूर्वी संपल्या होत्या. पुढच्या तपासणीला बोलावलं होतं ते शहर एसटीनं एका दिवसात जाऊन-येऊन होत नाही. रजा मिळाली नाही. पावसाळ्यात नाल्याला पूर. एका दुकानातून त्यानं "ताकदीचं टॉनिक" घेतलं होतं, त्यात पाहिजे ते नव्हतं. आणि माझ्याकडे त्याचा फोन नंबर असूनही मी एकदाही फोन केला नव्हता. सुया सुरू केल्या, तो पुष्कळ सुधारला, आता गाडी चालवतो. डाव्या पायाची बोटं अजून बधिर आहेत. ती बधिरच राहतील.

म्हणून मला वाटतं, ऑपरेशन सोपं की अवघड हा प्रश्न पेशंटच्या निर्धारावर सोपवून आपण मोकळे होतो. तोच माणूस पुण्यात असता तर त्याच्या पायांना काही झालं नसतं. त्याच्या आणि गोळ्यांच्या मध्ये एक घाट, एक नाला, एक रजेचा अर्ज आणि एक विसराळू डॉक्टर होता. मेळघाटात डॉक्टरकी कशी करावी लागते, हे बैरागडला रवींद्र आणि स्मिता कोल्हे या दांपत्यानं आपल्याला दाखवून दिलं. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आपण टाळ्याही वाजवल्या. पेशंटच्या गावात राहायचं, हे त्यांच्या कामाचं मूळ. ऑपरेशनची यंत्रं शहरात आहेत आणि राहणार, पण नंतरची तीस वर्षं गावातच काढायची असतात.

आता कार्यवाहांच्या शंकेकडे. वाळलेली लेकरं आणि चरबीची माणसं, यांचं काय नातं? पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हे नातं दाखवलं. नव्वदच्या दशकात त्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भार बायकांचा अभ्यास सुरू केला. बाळांची वजनं सरासरी २.७ किलो. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांची ३.५. पण बारकाईनं मोजल्यावर दिसलं, की आपल्या बाळांत स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, आणि कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ शाबूत. बारीक दिसणारी, आतून चरबीची बाळं. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा स्वतःचा आणि जॉन युडकिन या इंग्रज सहकाऱ्याचा फोटो शेजारी शेजारी छापून आला. दोघांचा उंचीच्या मानानं वजनाचा निर्देशांक एकच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनमध्ये ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांमध्ये २१.२ टक्के.

झोळीच्या काट्यावर मी मोजलेली पोरं आज तिशीत आहेत. काही पुण्याच्या कारखान्यांत, काही अमरावतीत सुरक्षारक्षक. कुटकी-कोदोची भाकर गेली, पाकिटातलं आलं, चालणं गेलं. आईच्या पोटात असल्यापासून ज्या शरीरानं टंचाईची तयारी केली, त्याला अचानक सुकाळ भेटला. त्यांच्यातल्या एकाची साखर मी बत्तीसाव्या वर्षी ३१० पाहिली. वजन ७४ किलो. कुणी त्याला जाडा म्हणणार नाही.

आणि इथं विम्याचा कागद आडवा येतो. २०१९ साली विमा नियामक प्राधिकरणानं या ऑपरेशनला विमा कधी मिळेल याच्या अटी ठरवल्या: निर्देशांक ४० च्या पुढे, किंवा गंभीर आजार सोबत असेल तर ३५. पाच फूट पाच इंच उंचीच्या माणसाला म्हणजे १०९ किंवा ९५ किलो. या रेघा १९९१ मध्ये अमेरिकेत ओढलेल्या आहेत, तिकडच्या शरीरांवर. २०२२ साली या शस्त्रक्रियेच्या दोन आंतरराष्ट्रीय संघटनांनीच आशियाई माणसासाठी रेघ २७.५ पर्यंत, म्हणजे त्याच उंचीला ७५ किलोंच्या आसपास, खाली आणली. आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला पंचाहत्तर किलोंवर आजार गाठतो आणि विमा पंचाण्णवला. यावर कुणी म्हणेल, मग पंचाहत्तर किलोंच्या प्रत्येकाला कापणार का? मुळीच नाही. कापण्याआधी करण्यासारखं पुष्कळ असतं. पण ज्याला लागेल त्याच्या वाटेत दुसऱ्या देशाचा आकडा असू नये, एवढंच.

वजनाच्या इंजेक्शनांबद्दल शेवटी विचारतातच, म्हणून आताच सांगतो. मार्च २०२५ मध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही भारतात आलं. आठवड्याला एक सुई, भूक शांत. औषध चांगलं आहे, मी देतो. बंद केलं की वर्षभरात गेलेल्यापैकी दोनतृतीयांश वजन परत येतं, हे वेगोव्हीतल्या औषधाच्या अभ्यासात दिसलं. आता त्यालाही लोक "सोपं" म्हणायला लागले आहेत. रक्तदाबाची गोळी रोज घेणाऱ्याला कुणी सोपा मार्ग घेतला म्हणत नाही. चष्मेवाल्यालाही म्हणत नाही.

मागच्या महिन्यात दर्यापूरची बाई आली होती. ऑपरेशनला आता आठवं वर्ष. काट्यावर उभी राहिली, ८८. मध्ये ७९ पर्यंत उतरली होती. साखरेची एक गोळी परत सुरू करावी लागली आहे. गुडघे ठीक, रात्रीचा श्वास ठीक, बी-१२ ठीक, लोह जरा कमी. नाराज होती. "नऊ किलो वाढलं, डॉक्टर. लोकं म्हणतीन, पाहा, फिरून आली वळणावर."

मी तिची फाइल उघडली. कापसाच्या काट्याची ती पावती मी पहिल्याच पानाला टाचून ठेवली आहे. तिनं ती आठ वर्षांत पाहिली नव्हती. जवळ घेऊन उजेडात धरली. कार्बनची शाई उडत आली आहे, १३१ मधला शेवटचा एक आता नीट लागत नाही. बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "मालाच्या जागी का लिवलं व्हतं त्यानं?"

"काही नाही," मी म्हटलं. "रेघ ओढली होती."

तिनं पावती परत दिली, लोहाच्या गोळ्यांची चिठ्ठी पिशवीत घातली आणि पुढची तारीख विचारली. मी पोळ्यानंतरची दिली. या वेळी फोन करायची आठवण मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईनं लिहून ठेवली आहे, तिच्याही नावासमोर आणि त्या मास्तरांच्याही.